मावळ्यांना घाम का फुटतो?

दसरा उलटला की भोर-वेल्ह्याकडच्या मुलांना किल्ल्याचे वेध लागतात. दिवाळीचे किल्ले महाराष्ट्रात गावोगाव होतात. परंतु आमच्या भागातील मुलांचे भाग्य असे, की नमुना पाहण्यासाठी त्यांना पुस्तक उघडावे लागत नाही. वेल्ह्याच्या अंगणात उभे राहिले की डोक्यावर तोरणा असतो, थोडे पुढे गेले की राजगड दिसतो. भोरकडच्या मुलांना रोहिडा आहे, रायरेश्वराचे पठार आहे. (वेल्हे तालुक्याला आता शासनाने राजगड तालुका असे नाव दिले आहे, तरी माणसांच्या तोंडी अजून वेल्हेच येते.) मुले दगड रचतात, चिकणमाती कालवतात, मातीत बुडविलेले गोणपाट पसरून कडे करतात, उतारावर अळीव पेरतात. राजगड करायचा तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या झाल्याच पाहिजेत. त्यात चूक झाली तर गावातील म्हातारी माणसे थांबून दुरुस्ती सांगतात.

किल्ला दरवर्षी नवा होतो, पण त्यावरची चित्रे मात्र जुनीच असतात. सिंहासनावरील महाराज, तोफ, मावळे, गवळण, ही मातीची चित्रे; आणि त्यांच्या सोबतीला प्लॅस्टिकचे घोडे, हत्ती, वाघ, गाई आणि बंदूकधारी सैनिक. अलीकडे मऊ प्लॅस्टिकचे मावळेही बाजारात मिळू लागले आहेत. ते पडून फुटत नाहीत म्हणून घरची माणसे तेच घेतात. आमच्या घरी भातकापणीच्या मजुरीतून आई दरवर्षी दोन-तीन चित्रे आणते. असे करीत करीत आमच्या खोक्यात आज २३ चित्रे जमली आहेत, आणि धाकट्या भावाला त्यांतील प्रत्येकाचे साल पाठ आहे.

तुळशीचे लग्न झाले की किल्ला मोडतो आणि चित्रे खोक्यात भरून माळ्यावर जातात. पुढच्या दिवाळीला खोका उघडावा, तर मातीची चित्रे जशीच्या तशी असतात; परंतु मऊ प्लॅस्टिकच्या घोड्याला हात लावला की बोटे चिकटतात. दोन घोडे एकमेकांना चिकटलेले असतात. अंगावर धूळ, काजळी आणि भाताचे तूस बसलेले असते. आई म्हणते, ‘चित्रांना घाम आला.’ धुऊन ठेवावे, तर काही दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. पुष्कळ घरांतून अशी चित्रे ‘खराब झाली’ म्हणून ओढ्यात किंवा चुलीत जातात. वास्तविक ती खराब झालेली नसतात. हा घाम म्हणजे काय आणि तो कमी कसा करावा, याची मी वर्षभर माहिती मिळविली. मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीतच संपला. त्यामुळे मला जे समजले ते कोणालाही समजेल असे वाटते.

मळ बाहेरचा नव्हे, तेल आतले

पहिली गोष्ट लक्षात घ्यावयाची ती ही, की हा चिकटपणा बाहेरून आलेला नसतो. आपण त्याला मळ समजतो आणि अधिकाधिक घासतो. परंतु तो खेळण्याच्या आतून येतो.

मऊ खेळणी बहुधा पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकची असतात. हे पीव्हीसी मुळात मऊ नसते. आपल्या नळपाणी योजनेचे कडक पाइप याच प्लॅस्टिकचे असतात. मग त्याच वस्तूचा वाकणारा घोडा कसा होतो? तर त्यात एक तेलकट द्रव मिसळतात. त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. मराठीत आपण ‘मृदुकारक’ म्हणू. १९२६ साली अमेरिकेतील वॉल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने पीव्हीसीत असा द्रव मिसळून त्याला रबरासारखे मऊ रूप दिले, आणि तेव्हापासून रेनकोट, टेबलावरचे आच्छादन, विजेच्या तारांची वेष्टणे, बाहुल्या असा त्याचा संसार वाढत गेला. मऊ वस्तूच्या वजनात या द्रवाचा वाटा कित्येकदा तिसऱ्या हिश्श्याइतका असतो. वर्षानुवर्षे सर्वांत जास्त वापरला गेलेला मृदुकारक म्हणजे डायऑक्टाइल थॅलेट, व्यापारी भाषेत डीओपी.

आता खरी गोम अशी, की हा द्रव प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. कणकेत तेलाचे मोहन घालावे तसा तो नुसता मिसळलेला असतो. प्लॅस्टिकच्या लांबलचक साखळ्यांमध्ये तो शिरून बसतो, त्यांना एकमेकींवरून घसरू देतो, म्हणून वस्तू वाकते. परंतु जो बांधलेला नाही तो केव्हातरी बाहेर पडणारच. काळ जातो, उष्णता लागते, तसतसा तो हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि तेथे पातळ थर होऊन बसतो. आईने ज्याला घाम म्हटले तो हा थर.

ही व्यथा काही गरिबाघरच्या खेळण्यांचीच नाही. चंद्रावर गेलेल्या अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांचे पोशाख अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत. त्यांतील पीव्हीसीच्या नळ्यांमधूनही असाच द्रव पाझरला आणि आजूबाजूच्या कापडाला डाग पडले. चंद्रावर जाऊन आलेल्या नळीची जी गत, तीच आमच्या माळ्यावरच्या घोड्याची!

कंपासपेटीतला पुरावा

ज्यांना हे खरे वाटत नाही त्यांनी आपली शाळेची कंपासपेटी आठवावी. पांढरे मऊ खोडरबर पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीवर महिनोन्‌महिने पडून राहिले की ते पट्टीला चिकटते, आणि ओढून काढले तर पट्टीवर खड्डा पडलेला दिसतो. ते खोडरबर पुष्कळदा रबराचे नसून मऊ पीव्हीसीचेच असते. त्यातील मृदुकारक पट्टीच्या प्लॅस्टिकमध्ये शिरतो आणि त्याला विरघळवतो. मऊ घोडा थर्मोकोलच्या तुकड्यावर ठेवला तर थर्मोकोलही असाच खातो. कारण थर्मोकोल आणि ती कडक पारदर्शक पट्टी ही पुष्कळदा एकाच जातीच्या प्लॅस्टिकची भावंडे असतात.

यावरून दोन नियम निघतात. मऊ चित्रे एकमेकांना टेकवून ठेवू नयेत. आणि थर्मोकोलवर किंवा तडकणाऱ्या कडक पारदर्शक डब्यात तर मुळीच ठेवू नयेत.

आधी निवड

साफसफाईस बसण्यापूर्वी चित्रांचे तीन ढीग करावेत. मातीची आणि प्लॅस्टरची चित्रे बाजूला काढावीत. त्यांना पाणी दाखवू नये, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी. उरलेल्या प्लॅस्टिकमध्ये दोन जाती असतात. लहान हिरवे सैनिक पुष्कळदा पॉलिथीनचे असतात. पॉलिथीनमध्ये असा मृदुकारक नसतो, त्यामुळे त्याला हा घाम येत नाही. ते पाण्यावर तरंगते, आणि पीव्हीसी बुडते. मात्र घोडा आतून पोकळ असेल तर हवेमुळे तोही तरंगेल. म्हणून पाण्याखाली दाबून आतील हवा काढून मग पाहावे. तरीही संशय राहिला तर हाताला विचारावे. मऊ, किंचित तेलकट आणि नव्या रेनकोटासारखा वास, अशी वस्तू पीव्हीसीची समजून चालावे.

जाळून पाहण्याचा मार्ग मात्र कोणीही अवलंबू नये. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा झोंबणारा वायू सुटतो आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्येही तयार होतात. ‘खराब झालेली’ खेळणी चुलीत टाकली तर तो धूर आधी चुलीपुढे बसलेल्या आईच्या छातीत जातो. या लेखातून वाचकांनी एकच गोष्ट घ्यायची झाली तर ती ही घ्यावी.

धुण्याची रीत

पावसाळा संपून हवा कोरडी झाली की, म्हणजे दिवाळीच्या थोडे आधी, वर्षातून एकदा ही चित्रे धुवावीत. प्रथम कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी. मग कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या पातळ साबणाचे चार-पाच थेंब टाकावेत. कोमट म्हणजे हात सुखाने बुडवून ठेवता येईल इतके. कढत पाण्याने मऊ प्लॅस्टिकचे पाय आणि तलवारी वाकतात. चित्र पाण्यात घेऊन दात घासण्याच्या जुन्या मऊ ब्रशने अलगद चोळावे. घोड्याच्या आयाळीत, फेट्याच्या वळ्यांत आणि पायांच्या सांध्यांत तेल जास्त साठते. हे काम चार-पाच मिनिटांत संपवावे. तासन्‌तास भिजत घालू नये. नंतर स्वच्छ पाण्यातून दोनदा काढावे, पोकळ चित्रांतील पाणी दाबून काढून टाकावे, भोक खाली करून सुती फडक्यावर सावलीत वाळवावे. उन्हात अथवा चुलीजवळ वाळवणे म्हणजे आतल्या तेलाला बाहेर येण्याचे आमंत्रण देणे होय.

काय वापरू नये, हेही सांगितले पाहिजे, कारण आपल्या घरांत स्वच्छतेची कल्पना तांब्याच्या हंड्यावरून ठरलेली असते. राख, काथ्या, तारेची घासणी यांनी पृष्ठभागावर ओरखडे पडतात आणि त्यांत पुढे धूळ बसते. रॉकेल, पेट्रोल, थिनर, नखांचा रंग काढण्याचे द्रव यांनी चिकटपणा क्षणात जातो खरा. परंतु रंगही जातो, आणि आतील मृदुकारकही ओढून काढला जातो. अंगाला लावण्याची पावडर चोळण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात. पावडरीने चिकटपणा झाकला जातो, संपत नाही. ती तेल शोषते आणि वळ्यावळ्यांतून तिचा चिखल होतो.

फेट्याचा रंग उडाला म्हणून मुले घरातील दाराखिडक्यांचा ऑइलपेंट लावतात. मऊ पीव्हीसीवर तो कायमचा ओलसर राहतो, कारण खालचा मृदुकारक रंगात मुरत राहतो. द्यायचाच तर ॲक्रिलिक रंगाचा पातळ हात द्यावा.

वारंवार धुणे बरे का?

नाही, आणि या सर्व माहितीतील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच आहे. प्रत्येक धुण्याबरोबर पृष्ठभागावरचा मृदुकारक निघून जातो. तो परत कोठून भरून येत नाही. आतून नवा थर वर येतो, तो आपण पुन्हा धुतो. असे होत होत काही वर्षांनी खेळणे कडक होते, आकसते आणि एके दिवशी घोड्याचा पाय काडीसारखा मोडतो. आज चिकट वाटणारे चित्र उद्या ठिसूळ होते, ते याच मार्गाने.

येथे एक पेच आहे. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातील संशोधक इव्हॉन शशुआ यांनी २००१ साली मऊ पीव्हीसीच्या जतनावर आपला प्रबंध पूर्ण केला. त्यांना असे आढळले, की अशी वस्तू काचेच्या बंद पात्रात ठेवली तर तिची हानी मंदावते. परंतु पॉलिथीनची पिशवी मृदुकारक शोषून घेते, त्यामुळे ती उपयोगाची नाही. म्हणजे बंद जागेत वस्तू थोडी चिकट राहील पण जास्त काळ मऊ राहील. वाऱ्यावर ती कोरडी भासेल पण आतून लवकर रिकामी होईल. संग्रहालयाला वस्तू शंभर वर्षे ठेवायची असते, आपल्याला धाकट्या भावंडांचे बालपण संपेपर्यंत. म्हणून घरासाठी मधला मार्ग बरा: गच्च बंद पिशवी नको आणि उघडी फळीही नको, सैल झाकणाचा पुठ्ठ्याचा खोका, आणि धुणे वर्षातून एकदाच.

ठेवण्याची जागा

हा उपाय बिनखर्चाचा असून सर्वांत गुणकारी आहे. उष्णता जितकी जास्त तितका मृदुकारक लवकर बाहेर पडतो. आमच्याकडे जुन्या कौलारू घरांची जागा पत्र्याच्या घरांनी घेतली आहे. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो, आणि आपण खोका ठेवतो तो नेमका तेथेच! पुढे जूनपासून तोरणा-राजगडाच्या पायथ्याला जो पाऊस लागतो त्याची ओल खोक्यात शिरते. चिकट थर, ओल आणि अंधार मिळाला की बुरशी धरते; काही बुरशी तर हा मृदुकारकच खाऊन जगतात.

माझी आजी भाताचे बियाणे कधी माळ्यावर ठेवीत नसे. मातीच्या जाड भिंतीतील फडताळात, चुलीपासून दूर, जमिनीपासून हातभर उंच, अशी तिची जागा ठरलेली असे. बियाण्याला जे मानवते तेच या चित्रांना मानवते: थंड, कोरडी, अंधारी आणि स्थिर जागा. गेल्या वर्षी मी आमचा खोका त्या फडताळात हलविला. या खेपेस चिकटपणा पुष्कळ कमी होता, आणि एकही घोडा दुसऱ्याला चिकटलेला नव्हता.

खोका भरतानाही थोडी काळजी हवी. तळाशी बेकरीत वापरतात तो न चिकटणारा गुळगुळीत कागद घालावा आणि दोन चित्रांच्या मध्ये त्याचीच घडी ठेवावी. वर्तमानपत्र वापरू नये. त्याची शाई उतरते, आणि पुढच्या वर्षी मावळ्याच्या पाठीवर बातमी वाचायला मिळते. भाताच्या तुसात मातीची चित्रे सुरक्षित राहतात, म्हणून घरोघर सगळीच तुसात भरतात. मऊ प्लॅस्टिकला मात्र तेच तूस चिकटून बसते. कपड्यांच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांजवळ ही चित्रे ठेवू नयेत. त्या वाफेने काही प्लॅस्टिक नरम पडते. जुने होत चाललेले पीव्हीसी आम्लाचा अंश सोडते, तेव्हा पितळेच्या देवांशेजारीही त्यांना जागा देऊ नये. भाद्रपदात एखाद्या कोरड्या दिवशी खोका उघडावा, चित्रे मऊ सुती फडक्याने नुसती टिपावीत आणि परत ठेवावीत.

लहान मुलांविषयी

जी वस्तू हाताला चिकटते ती रांगत्या मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नये. थॅलेट जातीच्या काही मृदुकारकांचा शरीरातील संप्रेरकांवर परिणाम होतो, म्हणून युरोपात २००५ साली आणि अमेरिकेत २००८ साली मुलांच्या खेळण्यांतील त्यांच्या प्रमाणावर कायद्याने कडक मर्यादा घातली गेली. आपल्याकडेही १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. नवे खेळणे घेताना ते चिन्ह पाहावे. जुनी चित्रे किल्ल्यावर शोभतात, पाळण्यात नव्हे. आणि ती हाताळल्यावर हात धुवावेत.

मार्कलिस्टची गोष्ट

हे सर्व वाचून एखादा मित्र म्हणेल, ‘आम्ही आता किल्ले करण्याच्या वयाचे राहिलो नाही.’ त्यांनी आपली कागदपत्रांची फाइल उघडून पाहावी. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या कव्हरात झेरॉक्स प्रत वर्षभर राहिली की तिची अक्षरे कव्हरवर उतरतात आणि कागद चिकटतो. मृदुकारकच झेरॉक्सच्या काळ्या पुडीला विरघळवतो. मार्कलिस्ट, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांच्यासाठी आमच्यासारख्यांच्या आई-वडिलांनी एक एक दिवसाची मजुरी बुडवून तहसील कचेरीत हेलपाटे घातलेले असतात. ती कागदपत्रे मऊ पीव्हीसीच्या कव्हरात न ठेवता साध्या कागदी लिफाफ्यात, अथवा बिनवासाच्या कडक पॉलिप्रॉपिलीनच्या फाइलमध्ये ठेवावीत आणि ती फाइलही माळ्यावर टाकू नये.

पीव्हीसीचा हा गुणधर्म आपण बदलू शकत नाही. जे आत नुसते मिसळलेले आहे ते हळूहळू बाहेर येणारच. आपल्या हाती एवढेच, की त्याला उष्णता द्यायची नाही, शेजाऱ्याला टेकू द्यायचे नाही आणि उगाच घासायचे नाही. घरात पैसा बेताचा असला की वस्तू टिकविणे हीच कमाई असते. आमच्या आई-आजींना ते बियाण्याच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. प्लॅस्टिक मात्र त्यांच्या आयुष्यात नवे आले, त्याचा स्वभाव त्यांना कोणी सांगितला नाही. आम्ही शिकलो आहोत, तर तो सांगण्याचे काम आमचे आहे.

— द्वितीय वर्ष, कला